दारापुरतं डोकं

एडिलेउझा वाळलेली फांदी उभी चिरते,
सुरीचं टोक सालीत रोवून, अंगठ्यानं हलकेच,
शेंग सोलावी तशी.
पराइबाच्या पठारावर सप्टेंबरात
झुरेमाला पान नाही. काटे आहेत,
आणि काट्यांच्या आडोशाला भोकं,
भुंग्यांच्या अळ्यांनी कोरून सोडून दिलेली.

एका भोकात डोकं होतं.
डोकं कसलं, झाकण:
गोल, खरबरीत, बशीसारखं खोलगट,
सालीच्याच रंगाचं, वर सालीचीच धूळ.
माझी नजर त्याच्यावरून तीनदा घसरून गेली होती.

बाहेरून एक कामकरीण आली.
मिशांनी बशीवर टकटक केली,
दोनदा, मग थांबून एकदा.
झाकण मागं सरलं. ती आत. झाकण जागेवर.
सगळा व्यवहार एका उसाशाएवढा.

"हा माझा भाऊ," एडिलेउझा म्हणाली.
(मुंगी म्हणजे बहीण. मी दुरुस्ती केली नाही.)
जोसिवाल्दो. रिओत अठरा वर्षं,
बारा मजल्यांच्या पायथ्याशी काचेच्या खोलीत.
बटण दाबतो, फाटक उघडतं.
इमारतीतल्या सगळ्या कुत्र्यांची नावं त्याला पाठ आहेत.
"आणि त्याचं नाव?"
"त्याला पराइबा म्हणतात.
तिथं आमच्या सगळ्यांनाच म्हणतात."

आधी डोकं नव्हतं. आधी भोक होतं.
कुणा अळीनं आपल्या भुकेच्या मापाचं
एक वर्तुळ कोरलं
आणि भुंगा होऊन ती उडून गेली.
मग उन्हाला कावलेली एक मुंगी आत शिरली,
तिच्या मागोमाग बिऱ्हाड,
बिऱ्हाडामागोमाग चोर.
जिथं दारात उभ्या असलेलीचं कपाळ
केसभर रुंद होतं
तिथली अंडी त्या रात्री उरली.
एवढंच. केसभर.
पुढं केव्हातरी आणखी केसभर.
घाई कुणालाच नव्हती.
पावलांनी उंबरठा झिजतो हे आपण पाहिलेलं;
इथं उंबरठ्यानं पावलं घडवली.

पण सगळ्यांची बशी झाली नाही.
पलीकडच्या झाडावरच्या एकीचं कपाळ घुमटासारखं,
एकटीनं दार भरत नाही,
तिघी-चौघी खांद्याला खांदा लावून बसतात.
आणि एका घराण्यानं, म्हणे,
बशी कमावून पुन्हा टाकूनही दिली.

बाटलीवरच्या चिठ्ठीत ती लिहिते:
कास्ता, सैनिक.
तिच्या भाषेतला रोजचा शब्द.
याच भाषेच्या गलबतांनी तो आमच्या किनाऱ्याला उतरवला,
आमच्याकडं जे होतं त्याला चिकटवला;
तिथून कुणीतरी तो उचलून मुंग्यांना लावला.
मी वहीत "जात" लिहिते, खोडते,
पुन्हा लिहिते.
एकाच आईची अंडी, एकाच ओळीत.
ज्या अळीला चार घास अधिक मिळाले तिचं कपाळ पसरलं,
बाकीच्या पिलं चाटायला लागल्या.
घास भरवताना आडनाव कुणी विचारलं नव्हतं.
मग कुणाला किती, हे भरवणारीला कोण सांगतं?
"ते कळलं," एडिलेउझा म्हणाली,
"तर माझा प्रबंध संपेल."

फांदीच्या आता दोन फाळ्या.
अर्धं भोक या फाळीवर, अर्धं त्या.
बाकीच्या, तोंडात पिलं धरून, वाट फुटेल तिकडं पळताहेत
आणि ती
अर्ध्या वर्तुळाला कपाळ टेकवून उभी,
जिकडं भिंतच राहिली नाही
तिकडं पाठ करून.

एडिलेउझानं चिमटा पुढं केला, मागं घेतला.
फोन काढला. फोटो भावाला पाठवला.
बऱ्याच वेळानं उत्तर आलं:
ड्युटीवर आहे. नंतर बघतो.